घोड्यांमधील ग्लँडर्स रोगाची प्रयोगशाळा तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचगणी, महाबळेश्वर आणि माथेरान येथील घोडेवाले, लग्नसराईत घोडे पुरवणारे व्यावसायिक, सारंगखेडा व माळेगावच्या यात्रेत जनावरे घेऊन येणारे व्यापारी, तसेच वीटभट्टीवर गाढवे राबवणारी कुटुंबे यांच्याकडून ग्लँडर्सच्या तपासणीबद्दल जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. घोडा हेच पोट भरण्याचे साधन असलेल्या माणसाला ‘रक्त तपासायचे आहे’ हे शब्द भीतिदायक वाटतात आणि ती भीती समजण्यासारखी आहे. तपासणीत नेमके काय होते, अहवालाचा अर्थ काय आणि त्यानंतर काय घडते हे आधीच ठाऊक असेल, तर नमुना देताना मनात आडपडदा राहत नाही.

ग्लँडर्स हा नेमका कोणता रोग आहे?

बर्कहोल्डेरिया मॅलेई नावाच्या जीवाणूमुळे घोडे, गाढवे आणि खेचरे यांना होणारा हा संसर्गजन्य रोग आहे. लॉफलर आणि शुट्झ या जर्मन संशोधकांनी १८८२ साली या जीवाणूचा शोध लावला. रोगाची तीन रूपे सांगितली जातात : नाकातील, फुफ्फुसातील आणि त्वचेवरील. त्वचेवरील रूपाला फार्सी म्हणतात. प्रत्यक्षात एकाच जनावरात ही तिन्ही रूपे एकमेकांत मिसळलेली आढळतात. गाढवे व खेचरे यांच्यात रोग बहुधा तीव्र स्वरूपात येतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत जनावर दगावते. घोड्यात मात्र तो महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही अधिक काळ रेंगाळतो.

हा रोग माणसालाही होतो. त्यावर घोड्यांसाठी लस नाही आणि माणसांसाठीही नाही. बाधित जनावरावर उपचार करू नयेत, हेच भारतातील धोरण आहे. त्यामुळे बाधित जनावर वेळेत ओळखणे हाच रोग रोखण्याचा मार्ग उरतो आणि ते काम प्रयोगशाळेशिवाय होत नाही.

महाराष्ट्रात हा रोग कधी आढळला आहे काय?

होय. अनेक वर्षांच्या खंडानंतर २००६ साली देशात ग्लँडर्सने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा महाराष्ट्रातील पुणे व पाचगणी परिसरातील घोड्यांमध्येही तो आढळला होता. त्यानंतरच्या वर्षांत उत्तर प्रदेश, उत्तराखंड, हरियाणा, गुजरात, दिल्ली अशा अनेक ठिकाणी त्याची नोंद झाली. आपल्याकडील घोडे खरेदी-विक्रीसाठी राज्याबाहेर जातात आणि बाहेरचे घोडे यात्रांच्या निमित्ताने आपल्याकडे येतात. त्यामुळे ‘हा उत्तरेकडचा रोग आहे’ अशी समजूत करून घेण्यास काहीही आधार नाही.

माझा घोडा धडधाकट आहे, चंदी नीट खातो, कामही करतो. तरी त्याचे रक्त तपासण्याची गरज काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य ठरेल. जुनाट ग्लँडर्स असलेला घोडा बाहेरून बरेच दिवस अगदी ठीक दिसू शकतो. फार तर तो थोडा रोडावतो, मधूनच खोकतो, कधी एका नाकपुडीतून चिकट स्राव येतो व थांबतो. हे घडते ते कष्टामुळे किंवा हवापालटामुळे असे समजून सोडून दिले जाते. या काळात त्याच्या नाकातील व फुफ्फुसातील गाठींमध्ये जीवाणू जिवंत असतात आणि स्रावावाटे बाहेर पडत राहतात. तो घोडा हौदात तोंड घालतो, त्याच हौदावर शेजारच्या पागेतील चार घोडे येतात. त्याचा तोबरा दुसऱ्या घोड्याच्या तोंडाला बांधला जातो. त्याच्या अंगावर फिरवलेला खरारा पुढच्या घोड्यावर फिरतो. दूषित पाणी व चारा पोटात जाणे हा या रोगाच्या प्रसाराचा प्रमुख मार्ग असल्याने, तोबरा आणि हौद या दोन वस्तूंकडे अश्वपालकांनी विशेष लक्ष द्यावे असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रोगाची चाहूल रक्तातील प्रतिपिंडांतून, म्हणजे जीवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेल्या प्रथिनांतून, लागते आणि ती दिसणाऱ्या लक्षणांच्या कितीतरी आधी लागू शकते.

कोणती लक्षणे दिसल्यास वाट न पाहता कळवावे?

नाकातून येणारा मधासारखा पिवळसर, चिकट व कधी रक्तमिश्रित स्राव. नाकपुडीच्या आतील पडद्यावर व्रण किंवा ते बरे होऊन उरलेले ताऱ्याच्या आकाराचे पांढरट वण. जबड्याखाली कडक, न हलणारी गाठ. आणि पायांच्या आतील बाजूने किंवा पोटावर दोरीसारख्या फुगलेल्या रेषेवर ओळीने उठलेल्या, फुटून तेलकट पू वाहणाऱ्या गाठी. यांपैकी एक जरी दिसले तरी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी सांगावे.

स्ट्रँगल्स या रोगातही जबड्याखाली गाठ येते. परंतु ती बहुधा मऊ पडून फुटते व जनावर त्यानंतर सुधारते. इन्फ्लुएंझामध्ये ताप, कोरडा खोकला आणि पातळ स्राव ही लक्षणे एकाच वेळी अनेक घोड्यांत झपाट्याने दिसतात. २०२५ च्या उन्हाळ्यात केदारनाथ यात्रेच्या तोंडावर उत्तराखंडातील घोडे-खेचरांत हा इन्फ्लुएंझा पसरला होता. नाकातला स्राव या तिन्ही रोगांत असतो, त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून निदान करणे अनुभवी पशुवैद्यकालाही शक्य नसते. नाकपुडीत डोकावून पाहण्याचा प्रयत्न मालकाने स्वतः मुळीच करू नये.

प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या केल्या जातात?

भारतात सर्वसाधारणपणे दोन टप्प्यांची पद्धत आहे. पहिला टप्पा एलायझा चाचणीचा. तिच्यात जीवाणूच्या एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध घोड्याच्या रक्तजलात, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर द्रवात, प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे पाहिले जाते. हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने पुनःसंयोजित प्रथिनावर आधारलेली अशी चाचणी विकसित केली असून, एका वेळी अनेक नमुने तपासता येत असल्याने ती चाळणीसाठी वापरली जाते. या चाळणीत संशयित ठरलेला नमुना दुसऱ्या टप्प्यात हिसारला कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणीसाठी जातो. तिला थोडक्यात सीएफटी म्हणतात आणि सरकारी कारवाईसाठी तिचाच निकाल ग्राह्य धरला जातो.

पीसीआर चाचणीत नाकातील स्राव किंवा गाठीतील पू यामध्ये जीवाणूची जनुकीय सामग्री शोधली जाते. ती सापडली तर निदानाला मोठे बळ मिळते. परंतु जुनाट रोगात स्रावातील जीवाणूंची संख्या फार कमी असते, त्यामुळे पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून घोडा निरोगी असे म्हणता येत नाही. जीवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहणे हे सर्वांत ठोस निदान असले तरी ते केवळ उच्च दर्जाची जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच करता येते. अमेरिकेत २००० साली एका लष्करी प्रयोगशाळेतील संशोधकाला याच जीवाणूवर काम करताना ग्लँडर्स झाला होता. सर्व व्यवस्था असलेल्या ठिकाणी जर असे घडू शकते, तर तालुक्याच्या दवाखान्यात गाठ फोडून पू काचेवर घेण्याचा आग्रह कोणी का धरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सीएफटी चाचणीत नेमके काय होते?

रक्तजल प्रथम पातळ करून तापवले जाते. घोड्याचे रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला, तर गाढव-खेचराचे ६३ अंशांना अर्धा तास ठेवतात, जेणेकरून त्यातील स्वतःचे कॉम्प्लिमेंट नावाचे घटक निष्क्रिय व्हावेत. मग छोट्या खड्ड्यांच्या पारदर्शक थाळीत हे रक्तजल, मृत जीवाणूंपासून केलेले प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो पदार्थ) आणि मोजून घेतलेले कॉम्प्लिमेंट एकत्र सोडले जाते. रक्तजलात ग्लँडर्सविरोधी प्रतिपिंडे असतील, तर ती प्रतिजनाला चिकटतात आणि त्या जोडीत कॉम्प्लिमेंट खर्ची पडते. शेवटी मेंढीच्या, प्रतिपिंडे चिकटवून संवेदित केलेल्या तांबड्या रक्तपेशी टाकतात. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर या पेशी फुटतात आणि खड्ड्यातील द्रव एकसारखा लालसर, पारदर्शक होतो : हा निकाल निगेटिव्ह. कॉम्प्लिमेंट आधीच संपले असेल तर पेशी अखंड राहून तळाशी बसतात आणि स्वच्छ द्रवाखाली लाल टिकली दिसते : हा निकाल पॉझिटिव्ह. काही पेशी फुटल्या आणि काही बसल्या, तर निकाल संशयास्पद म्हणून नोंदवला जातो.

संसर्ग झाल्यापासून साधारण आठवडाभरात ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि जुनाट रोगात दीर्घकाळ तशीच राहते.

‘अँटीकॉम्प्लिमेंटरी’ असा शेरा आला आहे. याचा अर्थ घोडा बाधित आहे का?

नाही. त्या रक्तजलाने प्रतिजन नसतानाच कॉम्प्लिमेंट निकामी केले, एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणजे त्या नमुन्यावर ही चाचणी वाचताच आली नाही. गाढवे, खेचरे आणि गाभण घोड्या यांच्या नमुन्यांत हा अडथळा अधिक येतो, तसेच उन्हात राहून खराब झालेल्या नमुन्यातही येतो. अशा वेळी नवा नमुना घेणे किंवा एलायझासारख्या अन्य चाचणीचा आधार घेणे हाच उपाय असतो.

एलायझा पॉझिटिव्ह आणि सीएफटी निगेटिव्ह, असे कसे होऊ शकते?

कोणतीही चाळणी चाचणी ही एकही बाधित जनावर सुटू नये या हेतूने थोडी सैल ठेवलेली असते. उदाहरणादाखल असे धरा की, एखादी चाचणी निरोगी जनावरांपैकी शंभरात नव्याण्णवांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरीही एका यात्रेतील एक हजार निरोगी घोडे तपासले, तर सुमारे दहा घोडे विनाकारण पॉझिटिव्ह दिसतील. रोग जितका विरळ, तितके पॉझिटिव्ह निकालांत खोट्यांचे प्रमाण जास्त, हा संख्याशास्त्राचा सरळ नियम आहे आणि दुसऱ्या टप्प्याची चाचणी त्याचसाठी असते. याशिवाय मेलिऑइडोसिस या रोगाचा जीवाणू ग्लँडर्सच्या जीवाणूचा अगदी जवळचा नातेवाईक असल्यामुळे त्याच्या संसर्गानेही रक्तजल चाचण्यांत गोंधळ होऊ शकतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. नुकताच संसर्ग झालेल्या घोड्यात प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात. फार थकलेल्या, वयस्क किंवा रोगाच्या शेवटच्या अवस्थेतील जनावरातही ती पुरेशी नसतात. म्हणून संशयास्पद निकाल आल्यास ते जनावर वेगळे ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतले जाते. हा प्रतीक्षेचा काळ मालकाला फार जड जातो, कारण घोडा उभा राहतो आणि खर्च चालूच राहतो. तरीही घाईने घेतलेला निर्णय, मग तो घोडा मारण्याचा असो वा सोडण्याचा, परत घेता येत नाही.

पूर्वी डोळ्याच्या पापणीत सुई देऊन तपासत. ती चाचणी आता का करत नाहीत?

ती मॅलीन चाचणी. रशियात १८९१ च्या सुमारास हेल्मन आणि काल्निंग या पशुवैद्यकांनी ग्लँडर्सच्या जीवाणूपासून मॅलीन हे द्रव्य तयार केले. खालच्या पापणीच्या कातडीत ०.१ मिलिलिटर मॅलीन टोचून २४ व ४८ तासांनी पापणी पाहत असत. ती चांगलीच सुजली आणि डोळ्यातून पुवाळ स्राव आला तर घोडा बाधित समजत. प्रयोगशाळा दूर असलेल्या काळात या चाचणीने फार मोठे काम केले. परंतु तिच्यामुळे जनावराला त्रास होतो आणि टोचल्यानंतर निरोगी घोड्याच्या रक्तातही काही काळ प्रतिपिंडे दिसून पुढील रक्तजल चाचण्या फसू शकतात. त्यामुळे जागतिक स्तरावर तिचा सरसकट वापर आता सुचवला जात नाही.

रक्ताचा नमुना कसा घ्यावा व कसा पाठवावा?

नमुना पशुवैद्यकानेच घ्यावा. मानेच्या शिरेतून पाच ते दहा मिलिलिटर रक्त साध्या, म्हणजे रक्त गोठू देणाऱ्या, लाल झाकणाच्या नळीत घेतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यामुळे ती येथे चालत नाही. नळी न हलवता तिरकी ठेवून रक्त गोठू द्यावे आणि वर सुटलेले पिवळसर रक्तजल वेगळ्या निर्जंतुक कुपीत काढून घ्यावे. गोठलेल्या रक्तासकट नळी फ्रीजरमध्ये टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे. तसे केल्यास तांबड्या पेशी फुटून रक्तजल लाल होते आणि तो नमुना सीएफटीसाठी जवळपास निरुपयोगी ठरतो. रक्तजल वेगळे केल्यावर ते बर्फाच्या सोबतीने थंड डब्यातून पाठवावे आणि अनेक दिवस थांबावे लागणार असेल तरच उणे २० अंशांना गोठवावे.

कुपी, तिच्याभोवती शोषक कापसासह गळती न होणारे दुसरे वेष्टन आणि बाहेर मजबूत खोके, अशी तिहेरी बांधणी आवश्यक आहे. कुपीवर लिहिलेला क्रमांक पाण्याने पुसला जाणार नाही अशा शाईने लिहावा. बर्फाच्या पाण्याने पुसलेले क्रमांक घेऊन आलेल्या नमुन्यांचे काय करायचे, हा प्रयोगशाळेतील माणसांना हतबल करणारा प्रश्न आहे.

नमुन्यासोबत घोड्याचे एवढे वर्णन कशासाठी लिहून घेतात?

अहवाल नमुन्याचा असतो, कारवाई मात्र जनावरावर होते. एका पागेत तीन कुमाईत घोडे असतील आणि अर्जावर नुसते ‘कुमाईत, नर’ असे लिहिले असेल, तर पॉझिटिव्ह निकाल नेमका कोणाचा हे सांगता येणार नाही. म्हणून मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक आणि नसल्यास वय, लिंग, रंग, कपाळावरील टिळा, पायांवरील पांढरेपणा व भोवऱ्यांच्या जागा लिहाव्यात. आपले अश्वपालक नुकरा, अबलख, पंचकल्याणी असे बारकाईने सांगतात आणि भोवरा कुठे आहे हेही त्यांना तोंडपाठ असते. शुभ-अशुभ ठरवण्यासाठी जपलेले हे ज्ञान येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडल्यास उत्तम.

नमुना मी स्वतः खासगी प्रयोगशाळेत देऊ शकतो का?

ग्लँडर्स हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. पूर्वी त्यासाठी १८९९ चा स्वतंत्र कायदा होता. आता २००९ चा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू आहे. त्यामुळे नमुना पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फतच पाठवावा. देशाच्या पश्चिम विभागासाठी पुण्यातील औंध येथे विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे आणि तेथील तज्ज्ञ नमुन्याच्या पुढील प्रवासाबद्दल मार्गदर्शन करतात.

घोड्याला आधीच प्रतिजैविके दिली आहेत. तपासणीवर परिणाम होईल का?

प्रतिजैविकांमुळे स्राव कमी होतो, गाठी सुकल्यासारख्या दिसतात आणि जीवाणू वाढवून पाहण्याची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. रोग मात्र शरीरात दडून राहू शकतो. कोणते औषध, किती दिवस आणि शेवटचे केव्हा दिले हे न लपवता सांगावे. संशयित घोड्याला बाजारातून आणलेली इंजेक्शने परस्पर टोचत राहणे हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण त्यामुळे घोडा बरा झाल्याचा भास होतो आणि तो पुन्हा लोकांत, मुलांना पाठीवर घेऊन, फिरू लागतो.

निगेटिव्ह दाखला किती दिवस चालतो?

दाखला रक्त घेतलेल्या दिवसाची स्थिती सांगतो. दुसऱ्याच दिवशी घोडा बाधित जनावराच्या संपर्कात आला तर तो दाखला त्याचे रक्षण करत नाही. यात्रा, शर्यत किंवा परराज्यातील वाहतूक यांसाठी किती दिवसांपूर्वीचा दाखला मान्य होईल हे तेथील प्रशासन ठरवते, म्हणून निघण्यापूर्वी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करावी. नवा घोडा विकत घेताना जुना दाखला पाहून समाधान मानू नये. त्याला वेगळे बांधून पुन्हा तपासावे.

अंतिम अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढे काय होते?

त्या जनावराला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली वेदनारहित मरण दिले जाते आणि शव न फाडता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले जाते. पागेतील अन्य सर्व घोडे-गाढवे यांची तपासणी व पुनर्तपासणी होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात बाधित ठिकाणापासून पाच किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि पुढे पंचवीस किलोमीटरपर्यंत निरीक्षण क्षेत्र होते. २०२५ च्या सुधारित आराखड्यात ही अंतरे अनुक्रमे दोन आणि दहा किलोमीटर केली आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण मोठ्या वर्तुळातील वाहतूकबंदीने ज्यांचा रोगाशी संबंध नाही अशांचीही चूल बंद पडत असे.

मालकाला सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. जातिवंत घोड्याच्या बाजारभावापुढे ती अपुरी असते हे मान्य केले पाहिजे आणि भरपाई वेळेत व पुरेशी मिळाली तर माहिती लपवण्याचे एक मोठे कारण नाहीसे होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निकाल येईपर्यंत पागेत काय करावे?

संशयित घोडा वेगळा बांधावा आणि त्याची बादली, तोबरा, मोरखी, खरारा पूर्णपणे स्वतंत्र ठेवावीत. सार्वजनिक हौदावर एकही घोडा नेऊ नये. हा जीवाणू उन्हात व उष्णतेत लवकर मरतो, पण ओलसर, अंधाऱ्या जागेत आणि पाण्यात काही आठवडे तग धरू शकतो. म्हणून जमीन कोरडी ठेवावी, सामान उन्हात वाळवावे आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने गव्हाणी पुसून घ्याव्यात. उरलेली चंदी दुसऱ्या जनावराला घालू नये.

मोतद्दार व घरच्या माणसांचीही तपासणी करावी लागते का?

बाधित घोड्याच्या निकट संपर्कातील माणसांची माहिती आरोग्य विभागाला दिली जाते आणि गरजेनुसार त्यांचे नमुने घेतले जातात. माणसात हा रोग क्वचित होतो, पण उपचार न झाल्यास तो बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. योग्य प्रतिजैविके वेळेत सुरू झाली तर रुग्ण बरा होऊ शकतो. हातावर जखम असताना घोड्याचे नाक पुसणे, स्राव डोळ्यांत उडणे, किंवा घोड्याने तोंडाजवळ फुरफुरणे यांतून संसर्ग होऊ शकतो. म्हणून हातमोजे, मास्क व चष्मा वापरावा. संपर्कानंतर ताप, छातीत दुखणे, न भरणारी जखम किंवा गाठ असे काही झाल्यास डॉक्टरांना ‘मी घोड्यांत काम करतो आणि आमच्या पागेत ग्लँडर्सचा संशय आहे’ हे वाक्य पहिल्यांदा सांगावे. ते न सांगितल्यास या रोगाचा विचार डॉक्टरांच्या मनात येणे अवघड असते.

याच नमुन्यात घोड्याचे इतर रोगही कळतात का?

आपोआप कळत नाहीत. अश्व संसर्गजन्य रक्तक्षयासाठी त्याच रक्तजलावर कॉगिन्स चाचणी किंवा एलायझा करता येते, पण तशी मागणी अर्जात लिहावी लागते. इन्फ्लुएंझासाठी आजाराच्या पहिल्या काही दिवसांत नाकातील खोलवरचा स्वॅब विषाणू टिकवणाऱ्या द्रवात घ्यावा लागतो. रक्तजलावरून निदान करायचे असल्यास दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने शेजारी ठेवून पाहावे लागतात. म्हणून नमुना घेण्यापूर्वीच पशुवैद्यकाला घोड्याचा पूर्ण इतिहास सांगावा : तो कुठून आणला, कोणत्या यात्रेत गेला होता, कोणत्या घोड्यांसोबत बांधला होता आणि पागेत अलीकडे कोणते जनावर दगावले.